सरांची ओळख

दोहा,
फेब्रुवारी २०२२

प्रिय अंतरा,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. बाबांची रास लफानच्या गॅस प्लांटवरची नाइट शिफ्ट संपली, आता महिनाभर दिवसाची आहे, त्यामुळे ते खुशीत आहेत आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला रोज जास्तीचं पाणी घालून त्याला मारायच्या बेतात आहेत. जयमालाकाकूंचा पियूष परवा इंग्लंडला निघालाय, तो हे पाकीट तुझ्या हातात देईल. फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच ‘आई, इट्स ओके’ म्हणतेस, आणि मग मी लगेच थांबते. या वेळी मला थांबायचं नाही.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. मंडळाच्या शुक्रवारच्या वर्गात ‘ळ’ काढताना तू किती रडायचीस! तरी मराठीतच लिहिते आहे. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. पण ऑफिसात सरांच्या वतीने इतकी वर्षं इंग्रजी पत्रं लिहून हाताला अशी सवय लागली आहे की काहीही लिहायला घेतलं की ते आपोआप सभ्य होतं. नाही म्हणायचं असलं तरी वाचणाऱ्याला वाटावं की आपल्याला होच म्हटलंय. मराठीत मला ते येत नाही. हळूहळू वाच, अडलं तर पुन्हा वाच.

तुझा तो फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तू किती आनंदात होतीस! सरांचं पुस्तक निघणार, त्यासाठी ते तुमच्या युनिव्हर्सिटीत बोलायला येणार, आणि त्यांची ओळख करून द्यायला तुला निवडलंय. ‘आई, तू त्यांना रोज बघतेस, मला दोन-तीन छान गोष्टी सांग ना, जे कुणालाच माहीत नाही असं काहीतरी.’ मी म्हटलं, पाठवते. त्यानंतर तू दोनदा आठवण करून दिलीस आणि मी दोन्ही वेळा कामाचं निमित्त सांगितलं.

छान गोष्टी नाहीत असं मुळीच नाही. आधी त्याच सांगते, कारण त्याही खऱ्या आहेत. आजी गेली त्या दिवशी बाबा प्लांटवर अडकले होते आणि मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून बसले होते. सरांनी स्वतः माझं तिकीट काढलं, स्वतः गाडी चालवत मला एअरपोर्टवर नेलं, आणि माझी बॅग आत जाईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.  फक्त एकदा म्हणाले, ‘माझी आई गेली तेव्हा मी प्रचाराच्या सभेत होतो. तुम्ही वेळेवर पोचा.’ आपल्या घरी गणपतीत आले तेव्हा बूट काढताना त्यांच्या मोज्याला भोक दिसलं आणि ते लहान मुलासारखे लाजले, ते तुला आठवत असेल. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात त्यांचे वडील बस कंडक्टर होते. घरात कॉलेजात गेलेले हेच पहिले. दोनदा निवडणूक हरले, तिसऱ्यांदा निवडून आले. पार्लमेंटात कितीतरी वर्षं मागच्या बाकावर बसून हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल आणि बंद झालेल्या बसबद्दल प्रश्न विचारत राहिले. त्यांचं नाव त्यांच्या गावाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. ह्यू ब्रॅम्ली म्हटलं की लोक विचारायचे, कोण?

मग सीरियात युद्ध पेटलं. आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर बंदुका रोखल्या, आणि सर एका शिष्टमंडळाबरोबर तुर्कस्तानच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्या बघायला गेले. तिथून ते एका रात्रीसाठी चोरून सीमेपलीकडच्या एका गावात जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी पार्लमेंटात भाषण केलं. ते भाषण तू शाळेत पाठ करून वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं होतंस. बेकरीचं भाषण. त्या गावातला बेकरीवाला रोज पहाटे सगळ्या गावासाठी भाकऱ्या भाजायचा, आणि बेकरीच्या तळघरात जखमी माणसांचा दवाखाना चालायचा. वर भट्टीची ऊब, खाली टाके घालणारे डॉक्टर. सरांनी गावाचं नाव घेतलं, त्या माणसाचं नाव घेतलं, आणि विचारलं, की या माणसाला आपण काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच. मागच्या बाकावरचा माणूस एका भाषणाने देशाची सदसद्विवेकबुद्धी वगैरे झाला. पुढे ते निवडणूक हरले, बायकोशीही पटेनासं झालं, आणि ते इकडे दोह्याला सल्लागार म्हणून आले. पण ते भाषण त्यांच्याबरोबर आलं. ऑफिसात त्यांच्या खुर्चीच्या मागे त्याच दिवसाचा फोटो आहे, बोट उंचावलेला. वर्ल्ड कपसाठी युरोपातून कुणीही पाहुणे आले की आधी सरांच्या केबिनमध्ये नेतात. काचेतून लुसैलचं ते सोन्याच्या वाटीसारखं स्टेडियम दिसतं, आत हा माणूस आणि त्याचा तो फोटो. पाहुणे स्टेडियम विसरून फोटोकडे बघतात.

आता खलीलबद्दल. तू त्याला खलील अम्मो, म्हणजे खलीलकाका, म्हणायचीस. तुला तो तुझा अरबीचा मास्तर म्हणूनच माहीत आहे. शुक्रवारी दुपारी पार नजमा भागातून बस बदलत यायचा, इस्त्रीचा शर्ट, हातात झातरचा मसाला लावलेल्या गरम भाकरीचं पुडकं. लुसैलमध्ये एका कंत्राटदाराकडे तो ड्राफ्ट्समन होता. सीरियातलं इंजिनिअरिंग शेवटच्या वर्षी सुटलं, युद्धामुळे. तू त्याला एकदा सरांबरोबरचा तुझा फोटो दाखवलास. तो बराच वेळ तो फोटो हातात धरून बसला आणि मग म्हणाला, ‘मी ओळखतो यांना. मी त्यांचा दुभाषा होतो.’ तू टाळ्या वाजवल्यास. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून तो मला म्हणाला, ‘मॅडम, माझा सलाम सांगा त्यांना.’

मी दुसऱ्या दिवशी सांगितला. सर सह्या करत होते, त्यांचा हात थांबला. ‘खलील? इथे? दोह्यात?’ म्हणाले. मग हसले आणि म्हणाले, ‘अरे वा. बोलावू या त्याला एकदा.’ मी त्यांच्या कॅलेंडरमध्ये जागाही शोधून ठेवली. ते कधीच बोलावणार नाहीत हे कळायला पुढच्या दोन ईद जाव्या लागल्या. खलील दर ईदला सलाम पाठवायचा, मी पोचवायची, सर ‘अरे वा’ म्हणायचे. मला वाटायचं, मोठी माणसं, विसरतात. मी खलीललाही तसंच सांगितलं. तो म्हणाला, ‘नाही मॅडम, ते विसरणाऱ्यांतले नाहीत.’ त्यात टोमणा असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. आजही वाटत नाही की टोमणा होता.

मग तो करोनाचा उन्हाळा आला. तुला आठवतंय, परीक्षाच झाल्या नाहीत, मार्क कसे देणार ते कुणाला कळत नव्हतं, आणि तुझा प्रवेश मध्येच लोंबकळत होता. तू रात्रंदिवस रडत होतीस. मी सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या समोर फोन उचलला, तुमच्या विभागातल्या त्यांच्या जुन्या मित्राशी बोलले, हसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मध्ये तुझं नाव घेतलं. फोन ठेवून मला म्हणाले, ‘झालं. यल्ला, आता मुलीला सांगा, बॅग भर.’ तू हुशार आहेस, तुझा प्रवेश तुझ्याच मार्कांवर झाला असता हे मी आजही मानते. पण शब्द टाकला गेला, आणि तो किती सहज टाकता येतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

त्याच आठवड्यात खलील आमच्या ऑफिसात आला. मास्क लावलेला, तरी मला डोळ्यांवरून कळलं की काहीतरी बिनसलंय. त्याची कंपनी बंद झाली होती. नोकरी नाही म्हणजे इथे राहता येणार नाही, आणि सीरियात परतणं म्हणजे थेट सैन्यात, तेही ज्यांनी त्याचं घर उद्ध्वस्त केलं त्यांच्याच. एका वकिलाने त्याला सांगितलं होतं की तू ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर काम केलं आहेस, त्या मोठ्या माणसाने तेवढं खरं आहे असं लंडनला कळवलं तर तुझा अर्ज पुढे सरकू शकेल. बाकी काही नको होतं त्याला. ‘हा माणूस माझ्याबरोबर होता,’ एवढंच सरांनी सांगायचं होतं. मी आत गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘त्याला सांगा, मी प्रवासात आहे.’

अंतरा, त्या दिवसांत जगात कुणीच प्रवासात नव्हतं. विमानं जमिनीवर होती. मी बाहेर येऊन खलीलला सांगितलं, सर ट्रॅव्हल करताहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हसेल. तो म्हणाला, ‘इन्शाल्ला, सुखरूप परत येऊ देत.’

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच बोलत होते आणि आतून सरांच्या खोकल्याचा आवाज आला. चांगला मोठ्याने आला. खलीलने त्याच क्षणी आवाज चढवून तुझी चौकशी सुरू केली, अंतरा कशी आहे, अरबी विसरली नाही ना, थंडीचे कपडे घेतले का. मला ऐकू आलंय हे त्याला दिसलं होतं, आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो भरभर बोलत होता. मी उत्तरं देत होते. माझे कान जळत होते.

तो गेल्यावर मी खाली फजलला फोन केला. फजल म्हणजे आमच्या बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला. मी सांगितलं, हा माणूस पुन्हा आला तर व्हिजिटर पास देऊ नका, वर पाठवू नका. हे सरांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हे गावीही नव्हतं. हे मी माझ्या डोक्याने केलं, कारण मला पुन्हा एकदा त्या माणसासमोर उभं राहायचं नव्हतं. खलील एकदा येऊन परत गेला. फजलने मला नंतर सांगितलं, ‘मॅडम, कुछ नहीं बोला, शुक्रन बोलके चला गया.’

तो आपल्या घरी शेवटचा आला तो दिवस तुला आठवतो का? तुझ्या बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्या होत्या, बाबा वजनकाटा घेऊन बसले होते. सीरियन माणसाला व्हिसाशिवाय घेणारा एकच देश त्याला सापडला होता, सुदान, आणि तो खार्टूमला निघाला होता. आपल्याला त्याने फक्त ‘नवीन काम मिळालंय’ एवढंच सांगितलं. आणि तू उत्साहात त्याला म्हणालीस, ‘खलील अम्मो, यू नो, सरांनी एक फोन केला आणि पाच मिनिटांत माझं काम झालं!’ तो म्हणाला, ‘मबरूक, मबरूक,’ आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मी चहा गाळत होते. गाळणी हातातून सुटली, चहा ओट्यावर सांडला, तो पुसायच्या निमित्ताने मी तो जाईपर्यंत बाहेरच आले नाही. तुझी यात काही चूक नाही, तुला काही माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

तेव्हाही मला वाटत होतं की सर नुसते टाळताहेत. मोठ्या जागेची हाव असेल, नको त्या भानगडी अंगाला लागायला नको असतील. खरं काय ते मला त्याच वर्षीच्या थंडीत कळलं. सर पुस्तक सांगत होते आणि मी टाइप करत होते. बालपण झालं, बस कंडक्टर वडील झाले, हरलेल्या निवडणुका झाल्या. मग सीमा आली, ते गाव आलं. खलीलने त्यांना स्वतःच्याच घरी नेलं होतं, अंतरा. तो बेकरीवाला म्हणजे खलीलचा थोरला भाऊ. त्यांच्या आईने सरांना भट्टीजवळची उबदार जागा दिली, अंगावर घालायला मुलाचा कोट दिला. निघताना खलीलने एकच मागणं केलं होतं, की जे पाहिलं ते जगाला सांगा, पण गावाचं नाव आणि भावाचं नाव तेवढं घेऊ नका. सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. हे मागणं मात्र त्यांनी पुस्तकात घातलं नाही, मला नंतर सांगितलं.

सरांनी मला वाक्य सांगितलं, ‘कुटुंबाच्या संमतीने मी त्या गावाचं आणि त्या माणसाचं नाव सभागृहात घेतलं.’ मी टाइप केलं.  मग ते म्हणाले, ‘शैलजा, संमती नव्हती.’ त्या दिवशी पार्लमेंटात त्यांना बोलायला उशिरा वेळ मिळाला होता. जेवणाची वेळ झालेली. ते बोलत होते आणि लोक उठून चालले होते. इतकी वर्षं ते बोलायला लागले की लोक असेच उठायचे. ते मला म्हणाले, ‘मला दिसत होतं की हेही माझं पार्किंगवरच्या भाषणासारखंच वाया जाणार. आणि मग मी नाव घेतलं. गावाचं, मग त्याचं. दारापर्यंत गेलेले लोक थांबले. एक जण परत येऊन बसला. शैलजा, मला त्या शांततेची चव लागली.’ थोड्याच दिवसांत त्या बेकरीवर विमानं आली. सकाळची वेळ, भाकरीसाठी रांग लागलेली. खलीलचा भाऊ भट्टीपाशीच गेला.

सर म्हणाले, ‘कदाचित तसंही झालं असतं. युद्धात बेकऱ्यांवर बॉम्ब पडतच होते. कुणालाच नक्की सांगता येणार नाही.’ हे खरंही असेल. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माझ्या तोंडून तेच पुन्हा ऐकायचं होतं. मी म्हटलं, ‘हो सर, कुणाला सांगता येणार.’ मग त्यांनी डोळे पुसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, ‘ते वाक्य राहू दे.’ मी राहू दिलं. ते वाक्य आता छापलं गेलंय. तू ज्या पुस्तकाचा गौरव करणार आहेस त्यात ते आहे, आणि ते माझ्या हाताने टाइप झालंय.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘आपण नोकरी करतो गं. आपण काय करणार? खलास, विसर.’ त्यांच्यावर रागावू नकोस. ते माझ्यासाठीच तसं म्हणाले. आणि मी खरंच विसरायचा प्रयत्न केला. नोकरी सोडली नाही. तुझी पहिली टर्म चालू होती, घर छान चाललं होतं, लुसैलमध्ये ट्राम सुरू झाली, मी ट्रामने ऑफिसला जायला लागले, स्टेडियमला दिवे लागले, सगळीकडे उत्साह. सर पाहुण्यांना वर्ल्ड कपबद्दल सांगायचे आणि मी कॉफी पाठवायची. ते माझ्याशी पूर्वीपेक्षाही चांगले वागायला लागले, तेच मला सहन होत नाही. माझ्याजवळ त्यांनी ते ओझं ठेवलं आणि ते हलके झाले. कधी कधी मला त्यांची दया येते. रोज स्वतःच्या त्या फोटोकडे पाठ करून बसतात. एकदा मी विचारलं, फोटो दुसऱ्या भिंतीवर लावू का? म्हणाले, ‘नको. मग मला समोर दिसेल.’ म्हणून सांगते, ते दुष्ट नाहीत. त्यांना लाज वाटते, आणि लाज वाटणारा माणूस ज्याची लाज वाटते त्याच्यापासून किती लांब पळू शकतो ते मी पाहिलंय. मीही तेच केलं. फक्त मला पळायला लांब जावं लागलं नाही, फजलला एक फोन पुरला.

गेल्या शुक्रवारी खार्टूमहून खलीलचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिलाच. एका सीरियन हॉटेलात तो भट्टी सांभाळतो. ड्राफ्ट्समनचं काम तिथे नाही. मी कसंबसं विचारलं, बरा आहेस ना? म्हणाला, ‘अलहम्दुलिल्लाह, भाकरी तरी गरम मिळते.’ मी तेव्हा बोलले. म्हटलं, सर प्रवासात नव्हते. म्हटलं, खाली पास बंद मी केला होता.  तो म्हणाला, ‘मॅडम, मला ठाऊक होतं.’ आणि म्हणाला की आज मी माझ्या कामासाठी फोन केलेला नाही, अंतरासाठी केलाय.

त्याची बहीण मुनीरा तुझ्याच शहरात आहे, बाळा. युद्धात ती लेबनॉनला गेली होती, तिथून वर्षापूर्वी तिला इंग्लंडने घेतलं. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथल्या भिंतीवर तिने तुमच्या कार्यक्रमाचं पोस्टर पाहिलं, सरांचा तो फोटो, पुस्तकातलं ते संमतीचं वाक्य, आणि खाली तुझं नाव. तिने खलीलला विचारलं, तू जिला शिकवायचास तीच का ही? ती येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. आरडाओरडा करायला नाही. तिला फक्त उभं राहून विचारायचंय की आमची संमती तुम्ही कुणाकडून घेतलीत. विमानं आली त्या सकाळी बेकरीत भावाबरोबर त्यांची मोठी बहीणही होती, ती पीठ मळायची, तीही गेली. हे मला खलीलने या फोनवर पहिल्यांदाच सांगितलं, सरांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. खलीलला काळजी होती ती तुझी. तू स्टेजवर उभी राहून सरांची स्तुती करशील, आणि मग मुनीरा उभी राहील, आणि सगळ्यांसमोर मुलीची मान खाली जाईल, तिला आधी सांगा, म्हणून त्याने फोन केला. ज्याला मी दारातून परत पाठवलं त्याला माझ्या मुलीची मान खाली जाऊ द्यायची नव्हती. म्हणून हे पत्र. मी काल सरांनाही सांगितलं, की खलीलची बहीण तिथे येणार आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, ‘धाकटी ना?’ तेव्हा मला कळलं, मोठी आता हयात नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. एवढ्या वर्षांत एकही माणूस ते विसरलेले नव्हते. ते येतील की नाही मला सांगता येत नाही. मी राजीनामा लिहून ठेवलाय, बाबांना आज सांगेन. तू ओळख करून द्यायची की नाही, काय बोलायचं, ते तुझं तू ठरव, तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं म्हणायची माझी पात्रता उरलेली नाही. पण मुनीराचं इंग्रजी अजून कच्चं आहे, ती एकटी येणार आहे आणि तिथे कुणाला ओळखत नाही. तू तिच्याजवळ जा. तिचं नाव विचार, तुझं सांग, आणि ती जे म्हणेल ते पूर्ण ऐकून घे.

तुझीच,
आई